बॉयलरच्या हाताला अकरा नारळ

हिरामण बडेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर नव्हते. ही थाप वाटेल म्हणून सांगतो, कडावातली साठ माणसं याला साक्ष आहेत. उडीची उंची प्रत्येक जण वेगळी सांगतो, पण उडी झाली याबद्दल गावात दुमत नाही.

साल अडुसष्ट. माझ्या मामाने ठाण्याहून प्रेशर कुकर आणला होता. कडावात असलं भांडं पहिल्यांदाच येत होतं, म्हणून मामीने शेजारीपाजारी बोलावले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उरलेलं गाव बोलावलं. आता घरात एवढं यंत्र आलंय, आणि गावात आपला स्वतःचा मेकॅनिकल इंजिनियर आहे, तर सुरुवात त्याच्याच हातून व्हावी असं मामाच्या मनाने घेतलं. हिरामणराव आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात बूट आणि चेहरा फाशीच्या कैद्याचा. त्यांनी कुकर उलटा केला, सुलटा केला, झाकणाचं रबर बोटाने चाचपलं, वरचं वजन कानाशी धरून हलवून पाहिलं. मग स्टो पेटवायला सांगून ते पडवीत गेले. कुकर तापू लागला तसे पडवीतून अंगणात आणि अंगणातून खळ्यात गेले. खळ्यातून ते सूचना द्यायचे आणि मधली माणसं त्या हातोहात स्टोपर्यंत पोचवायची.

मी खळ्याच्या कडेला उभा होतो. शिट्टी झाली आणि माझ्या डोक्यावरून काहीतरी पांढरं गेलं. बगळा असावा असं मला वाटलं, पण बगळ्याला बूट नसतात. तीन बांध ओलांडून ते पांढरं पेंढ्याच्या उडवीमागे उतरलं आणि तिथून आवाज आला, "वाजली ना? मग भिऊ नका. वाजतंय तोवर काही होत नाही. गप्प बसलं तर पळायचं."

"मग तू का पळाला रं?" मामाने इकडून विचारलं.

उडवीमागून शांतपणे उत्तर आलं, "सवयीने."

अशा माणसाने इंजिनियर का व्हावं, हा प्रश्न कडावाने त्यांच्या तोंडावर आणि पाठीमागे पुष्कळदा विचारला. त्यांचे वडील आबाजी भातशेती करणारे, सरळ माणूस. पोरगा मॅट्रिकला गणितात पहिला आला तेव्हा कर्जतच्या मास्तरांनी त्याला मुंबईला डिप्लोमाला पाठवा म्हणून सांगितलं, आणि आबाजींनी पाठवला. तो पंचावन्न साली परत आला तेव्हा गावात इंजिनियर म्हणजे काय याची कल्पना अशी होती की लोखंडाचं जे बिघडेल ते त्याच्याकडे न्यायचं. सायकली आल्या, शिवणयंत्रं आली, एकाने कुलूप आणलं, एका म्हातारीने अडकित्ता आणला. हिरामणराव सगळं दुरुस्त करून देत, फक्त अडकित्ता परत देताना त्याच्या पात्याला चिंधी गुंडाळून देत. म्हातारीला सुपारी काही कातरता येईना, पण बोट शाबूत राहिलं.

त्यांच्या भीतीचं मूळ शोधायचा मी बराच प्रयत्न केला. लहानपणी काही पाहिलंत का, काही फुटलं का, कुणी मेलं का. काही नाही. शेवटी एकदा ते वैतागून म्हणाले, "भीती वाटायला कारण कशाला लागतं? वरती पन्नास मण दाब, खाली आपण. कारण लागेल ते न भ्यायला."

या भीतीच्या जोरावर हिरामणरावांनी सबंध तालुक्यात कुणाची नसेल अशी रंगीबेरंगी नोकरी केली. सुरुवात एका भातगिरणीत. तिथे इंजिनापासून जात्यापर्यंत एक लांबलचक पट्टा फिरे. हिरामणरावांना रोज वाटायचं की हा आज तुटणार आणि कुणाची तरी मान घेऊन जाणार. त्यांनी पट्ट्याला जाळी बसवली. मग चाकाला जाळी, इंजिनाला जाळी, जात्याला जाळी. शेवटी मालकाने त्यांना बोलावून नम्रपणे विचारलं की गिरणी आता फारच सुरक्षित झाली आहे, पण भात आत घालायचं कुठून? हिरामणरावांनी राजीनामा दिला.

तिथून ते घाटाच्या पायथ्याशी एका वीजघरात लागले. डोंगरावरचं पाणी तिथे लोखंडी नळांतून खाली येतं. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी नळाच्या आत काय जोर करत असेल याचा हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर मांडला, आणि तो कागद खिशात ठेवून चौदा महिने नोकरी केली. नळाखालून जायची वाट पन्नास पावलांची होती. ते मैलभराचा वळसा घेऊन कामावर जात. चौदा महिन्यांत त्यांनी नळांच्या एकूण एक सांध्यांची टिपणं केली, ती साहेबाला दिली आणि दुसऱ्या दिवशी सोडून गेले. साहेब म्हणे ती वही कपाटात न ठेवता टेबलावर ठेवत असे.

मग माथेरानच्या छोट्या गाडीचं काम. तिथे ब्रेक तपासणं हा त्यांचा धर्म झाला. आपण तपासलेल्या ब्रेकवर इतरांनी बसावं याला त्यांची हरकत नव्हती, स्वतः मात्र ते गाडीच्या शेजारून चालत वर जात. गाडीचा वेग त्यांना मानवण्यासारखा होता. उतारू खिडकीतून त्यांच्याशी गप्पा मारत, आणि वळण आलं की हिरामणराव बोलणं थांबवून चाकांकडे बघत, म्हणजे ऐकणाऱ्यालाही घाम फुटे.

त्यानंतर एकदम सगळं सोडून त्यांनी कर्जतला एका सोडावॉटरच्या कारखान्यात नोकरी धरली. येसूबाईंना, म्हणजे त्यांच्या आईला, बरं वाटलं. सरबताच्या दुकानात पोराला काय व्हायचंय? पहिल्याच आठवड्यात गोळीची बाटली फुटली. दुसऱ्या आठवड्यात हिरामणराव कोंबड्या झाकायचा डालगा डोक्यावर उपडा घालून बाटल्या भरून घेताना दिसू लागले. डालग्याच्या भोकांतून ते गिऱ्हाइकांशी अदबीने बोलत. हसून हसून कारखान्याचा धंदा वाढला म्हणतात. महिन्याभरात मालकाने सगळ्या कामगारांना डालगे आणून दिले, आणि तेव्हापासून तिथे काच लागून कुणाचा डोळा गेला नाही.

मी हे हसण्यावारी नेतोय, पण एक गोष्ट सांगायला हवी. हिरामणराव जिथून जिथून पळाले तिथे तिथे मागे काहीतरी ठेवून गेले. जाळी, वही, डालगा. भातगिरणीतली पट्ट्याची जाळी मी परवा पाहिली. आत जायचं भोक मालकाने नंतर पाडून घेतलंय, बाकी जाळी तशीच आहे.

एकाहत्तर साली साजगावच्या बाजूला पुठ्ठ्याचा एक कारखाना निघाला. शेठ मुंबईचा. त्याने हिरामणरावांची प्रशस्तिपत्रकं पसरून पाहिली. भात, वीज, रेल्वे, सोडा, मधे दोन वर्षं शेतीचे पंप. इतका विविध अनुभव असलेला इंजिनियर त्याने जन्मात पाहिला नव्हता. प्रत्येक कागदावर "स्वखुशीने सोडून गेले" असं लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ त्याने असा घेतला की माणसाला एका जागी कोंडल्यासारखं होतं. त्याने त्यांना त्याच दिवशी घेतलं. मी तिथे टाइमकीपर होतो. हजेरीचं मस्टर माझ्या ताब्यात आणि तीन वर्षं हिरामणरावांचा चेहरा माझ्या समोर, त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं सांगतोय.

कारखान्यात ओला पुठ्ठा तापलेल्या लोखंडी रुळांवरून फिरवून वाळवत. रूळ तापायचे वाफेवर, आणि वाफ यायची बॉयलरमधून. बॉयलर जुना, विलायती, शेठने कुठल्याशा बंद गिरणीतून उचललेला. त्याला शंभर पौंडांपर्यंत दाबाची परवानगी होती, आणि ऐंशीवर चालवायचा असं हिरामणरावांनी ठरवून दिलं होतं. त्याच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह होता. कुकरच्या शिट्टीचं जे काम तेच त्याचं. फरक एवढाच की इथे वजन थेट व्हॉल्व्हवर नसून हातभर लांब आडव्या लोखंडी दांड्याला अडकवलेलं होतं. वाफेचा दाब वाढला की दांडा उचलला जायचा आणि जास्तीची वाफ छपरावरच्या नळीतून निघून जायची. पण व्हॉल्व्ह जुना झालेला, त्यामुळे तो अधूनमधून उगाच फुसफुसायचा.

बॉयलर सांभाळायला नामा होता. साजगावचाच, पस्तिशीचा, काळाकभिन्न, आणि बॉयलरवर जीव टाकणारा. त्या फुसफुसण्याचं त्याला फार वाईट वाटे. एवढी बाय आपल्यासाठी जळते आणि तिला सारखा पडशाचा त्रास, असं तो म्हणे. बॉयलर ही बाईमाणूस आहे हे साजगावात सगळ्यांनी पहिल्यापासूनच धरलं होतं. तिला बॉयलरबाय म्हणत.

त्र्याहत्तरच्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. कानशी, पाने, फावडी, सगळ्यांना झेंडू आणि कुंकू. नामाने बॉयलरबायला नवस बोलला की तुझं पडसं थांबू दे, तुझ्या हातात नारळ देईन. हात म्हणजे तो दांडा. बॉयलरमधून बाहेर आलेली ती एकच वस्तू हातासारखी दिसत होती. आणि नवस फेडायच्या आधीच मान द्यावा म्हणून त्याने लगेच एक असोला नारळ, सालासकट, लाल फडक्यात बांधून दांड्याच्या टोकाला टांगला. फुसफूस तिथल्या तिथे थांबली.

आता दांड्याच्या टोकाला शेराचं वजन टांगलं तर व्हॉल्व्हवर ते दहा शेरांसारखं बसतं, हे शाळेत शिकवतात. पण साजगावात त्या दिवशी जे दिसलं ते असं की देवीला नारळ दिला आणि देवी पावली. पंधरा दिवसांत मुकादम कोंडाजीने आपला हरवलेला बैल सापडू दे म्हणून नारळ बोलला. बैल वावोशीच्या बाजाराच्या वाटेवर सापडला. नारळ टांगला. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, नारळ. कुणाचा दमा उतरला, नारळ. पाचवा नारळ माझा. बायको अडली होती, नीट सुटली, मुलगी झाली. मी स्वतः शिडीवर चढून तो बांधला आणि नमस्कार केला. वर्षभरात अकरा झाले. मधेच सगळ्यांच्या लक्षात आलं की वाफेलाही हल्ली भलता जोर आलाय, पुठ्ठा पूर्वीपेक्षा लवकर वाळतो. शेठ खूष झाला. त्याला ते स्वतःच्या देखरेखीचं फळ वाटलं.

हिरामणरावांना हे कसं दिसलं नाही? कारण ते बॉयलरच्या जवळ जातच नसत. रोज सकाळी ते बॉयलरघराच्या दारापासून तीस पावलांवर उभे राहत, कानावर हात ठेवून ऐकत, आणि मग ओरडून विचारत, "नामा, किती?" आतून उत्तर येई, "ऐंशी, सायेब." हिरामणरावांच्या चेहऱ्यावर रक्त परत येई. ते वहीत ऐंशी लिहीत, सही करत आणि निघून जात. पहिला महिना सोडला तर तीन वर्षांत नामाने दुसरा आकडा सांगितला नाही. वहीची पानं पाहिली तर असा आज्ञाधारक बॉयलर जगात दुसरा नसेल.

आणि चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, वाळवणीच्या रुळांच्या नळीच्या सांध्यातलं, वाफ अडवणारं पॅकिंग उडालं. सूं करून वाफ आली, एका बाईच्या पदराला लागली, बाकी काही नाही. फिटरने नवीन पॅकिंग बसवलं. तासाभरात शेजारच्या सांध्याचं उडालं. हिरामणराव माझ्या टेबलाशी चहा पीत होते. कप खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही, हातातच धरून ते उभे राहिले.

"ते पॅकिंग मी स्वतः निवडलंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ऐंशीला उडणार नाही. शंभरालाही नाही." मग वळून विचारलं, "तो व्हॉल्व्ह शेवटचा कधी फुसफुसला?"

मी सहज म्हणालो की छे, त्याला आता वर्ष झालं, नामाने नवस केल्यापासून बंदच आहे.

माणसाचा चेहरा पांढरा पडतो असं आपण म्हणतो. हिरामणरावांचा हिरवट झाला. कप त्यांनी माझ्या मस्टरवर ठेवला आणि ते निघाले. मी मागून गेलो. तीस पावलांवर त्यांचे पाय नेहमीसारखे थांबले. नामाने आतून सवयीने सांगून टाकलं, "ऐंशी, सायेब." हिरामणराव हलले नाहीत. मग ते चालू लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दारातून आत गेले.

दाबाच्या घड्याळाची काच कुंकवाने माखली होती. ती बायचा डोळा, म्हणून रोज तिला बोट लावत. हिरामणरावांनी बाहीने काच पुसली. काटा एकशे चाळीसवर होता. मग त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना नारळ दिसले. झेंडूच्या माळांत, लाल फडक्यांत, अकरा.

"नामा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला दारात कसाबसा ऐकू आला. "हे ऐंशी आहे?"

नामा खाली बघत म्हणाला, "पैल्या म्हयन्यात एकडाव मी नव्वद बोललो होतो, सायेब. तुमी दोन दिस जेवला नाय. मंग मी म्हटलं, ऐंशीच बोलावं. तुमाला बरं वाटतं."

या बोलण्यावर रागवायला हिरामणरावांपाशी वेळ नव्हता. बॉयलरघराची भिंत एक विटेची, आणि भिंतीपलीकडे वाळवणीच्या हॉलमध्ये चाळीस माणसं. त्यांनी एकच विचारलं, पाणी किती आहे. पाण्याची पातळी दाखवणारी काच भरलेली होती. मग त्यांनी नामाला भट्टीतला कोळसा बाहेर ओढायला लावला आणि मला सांगितलं की भोंगा वाजव, वाजवतच राहा, तेवढीच वाफ जाईल, आणि सगळ्यांना फाटकाबाहेर काढ.

मी भोंग्याची साखळी ओढून बांधून टाकली आणि हॉलकडे धावलो. दुपारचे सव्वातीन. भोंगा झाला म्हणजे पाळी सुटली, असं समजून माणसं डबे घेऊन बाहेर आली आणि मस्टरवर सही करायला शिस्तीत रांगेत उभी राहिली. रांग नेहमीच्या जागी, म्हणजे बॉयलरघराच्या भिंतीला लागून. मी पळा म्हणालो. कुणी हलेना. सही राहिली तर अर्धा दिवस कापतात हे मीच त्यांना तीन वर्षं शिकवलं होतं. पुढे गौराबाई होती. ती म्हणाली, "सही घ्या आन् मंग पळू, भाऊ. आमाला काय घाई नाय." भिंतीच्या विटा हाताला गरम लागत होत्या. मला पुढे काही सुचलं नाही म्हणून मी मस्टर उचललं आणि ते घेऊन फाटकाबाहेर पळत सुटलो. तेव्हा चाळीसच्या चाळीस माणसं माझ्यामागे धावली. माझ्या हातून तेवढं एक काम नीट झालं, तेही पळून.

फाटकाशी त्यांना सोडून मी परत आलो, पण आत जायचं धाडस होईना. कोळशाच्या ढिगाआड बसलो. तिथून दार सरळ दिसत होतं. शिडी लावलेली होती आणि हिरामणराव खालच्या पायरीला धरून उभे होते. वर चढत नव्हते, कारण भोंगा ऐकून आलेला कोंडाजी मुकादम आडवा होता. भोंग्यात मला काही ऐकू येत नव्हतं; तिथलं बोलणं आणि काट्याचे आकडे नामाने मला नंतर सांगितले. कोंडाजी साठीचा माणूस, तोही भ्यालेला, पण त्याची भीती वेगळी. बोलले नवस मधेच तोडले तर बाय कोपेल. माझा बैल गेला तर गेला, म्हणाला, पण ज्यांची पोरं तिने राखली त्यांचं काय? गाऱ्हाणं घातल्याशिवाय एकाही नारळाला हात लावू देणार नाही. मला घाला म्हटलं तर माझी छाती नाही. सायेबांनी घालावं.

काटा एकशे बेचाळीस. समजावायला वेळ नव्हता. हिरामणरावांनी बूट काढले. हात जोडले. आणि इतकी वर्षं साहेबी मराठी बोलणारा तो माणूस कडावच्या भाषेत बोलू लागला.

"बाय, मी हिरामण, आबाजी बडेकराचा. ह्या अकरा जणांनी तुला मान दिला, तो तू घेतला. त्यांची कामं केली. आता तुझा हात भरून आलाय, तो मी हलका करतोय. ह्यांची चूक नाय. चूक माझी. मी तीन वरीस तुझ्यापाशी आलो नाय, लांबून इचारत राहिलो, आन् हे मला खोटं सांगत राहिले कारण मी भितो. मी आतापन भितो. कोपायचं तर माझ्यावर कोप, पन धा मिनिटं थांब."

कोंडाजी बाजूला झाला.

हिरामणराव चढले. एकेक पायरीला त्यांचे दोन्ही पाय टेकत होते. एकदम सगळं वजन काढलं तर दाब एकदम सुटेल आणि जुना पत्रा तो झटका सोसणार नाही, म्हणून नारळ एकेक काढायचा, थांबायचं, ऐकायचं. एक नारळ. थांबले. दुसरा. प्रत्येक नारळ ते वाकून खाली कोंडाजीच्या हातात देत आणि कोंडाजी तो कपाळाला लावून ठेवत असे. नामा कोळसा ओढत होता. भोंगा ओरडत होता. पाचव्या नारळाला दांडा उचलला जायला हवा होता, असं हिरामणरावांनी मला नंतर सांगितलं. तो उचलला गेला नाही. आठवा, नववा. काही नाही. अकरावा नारळ खाली आला आणि दांडा जिथल्या तिथे. वर्षभर बसून बसून व्हॉल्व्ह आपल्या खोबणीत गंजून बसला होता.

तेव्हा मी हिरामणरावांचा चेहरा पाहिला. मी कोळशामागे होतो, ते दिव्याच्या उजेडात होते. त्यांना रडू येत होतं. तोंड वाकडं करून, आवाज न करता, लहान मूल रडतं तसं. आणि रडता रडता त्यांनी दांड्याखाली खांदा घातला आणि वर रेटलं.

नळीतून वाफ सुटली. असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, पुढेही ऐकला नाही. छपराचे पत्रे थडथडले, कोळशाचा ढीग माझ्या अंगावर सरकला, आणि खोपोलीच्या लोकांना म्हणे घाटात गाडी पडली असं वाटलं. कोंडाजी नारळांवर पालथा पडला. नामाने डोळे मिटले. हिरामणराव तसेच शिडीवर, खांदा दांड्याखाली, पंधरा मिनिटं. काटा ऐंशीवर आला, साठावर आला, तरी ते हलेनात. शेवटी नामाने आणि कोंडाजीने त्यांना उचलून खाली घेतलं. शर्टाला खांद्यावर भोक पडलं होतं आणि खालचं कातडं भाजलं होतं.

मी नंतर त्यांना म्हणालो की व्हॉल्व्ह एकदा सुटला की उघडाच राहतो ना, मग खांदा तिथे ठेवायची काय गरज होती? ते म्हणाले, "गरज नव्हती. काढायची हिंमत झाली नाही."

दुसऱ्या दिवशी नारळ फोडले. वर्षभर ऊब खाऊन आतलं पाणी आटलं होतं आणि सुरेख गोटा खोबरं झालं होतं. कोंडाजीने ते सगळ्यांना वाटलं. शेठचं पत्र आलं, त्यात दुपारची पाळी का बुडाली असं विचारलं होतं. हिरामणरावांनी उत्तरात सगळं लिहिलं, स्वतःच्या वहीतले ऐंशीचे आकडे खोटे आहेत हेही लिहिलं, आणि खाली सही केली. मी म्हणालो की हे कशाला लिहिता, कुणाला कळणार आहे? त्यांनी पत्र पाकिटात घातलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी स्वतः आत जाऊन काटा बघत. जाताना चेहरा तोच असे, फाशीच्या कैद्याचा.

डिसेंबरात बॉयलरची सरकारी तपासणी झाली. त्या पत्राची नक्कल हिरामणरावांनी तपासनिसालाही दिली होती. त्याने आत उतरून हातोडी मारून पत्रा पाहिला. एका बाजूला पत्र्याला फुगवटा आला होता. त्याने बॉयलर बाद केला. नवा घ्यायला शेठ तयार झाला नाही. पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत कारखाना बंद पडला आणि आम्ही सगळे घरी बसलो. मला वर्षाने कर्जतच्या एका पतपेढीत नोकरी मिळाली. हिरामणराव शाळेत कार्यानुभवाचे शिक्षक झाले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. नामा सात महिने बेकार होता, मग वीटभट्टीवर लागला. तो हिरामणरावांशी बोलत नाही.